पहिल्या रांगेतल्या बाकाची राहिलेली टकटक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचा, पुढे लिहायला फळी जोडलेला. जर्मनीतल्या लान नदीकाठच्या आमच्या गावात, विद्यापीठाच्या व्याख्यानगृहात पहिल्या रांगेत मी उभा होतो. आज मात्र फुटपाथवर आहे. उद्या सकाळी अडगळ उचलणारी गाडी येईल.

माझं आयुष्य घडवलं हार्टलीब सरांनी. पदार्थविज्ञानात त्यांचं नाव जगभर झालं होतं, तरी पहिल्या वर्षाच्या मुलांना ते स्वतःच शिकवत. छताला दोराने टांगलेला लोखंडी गोळा नाकाला टेकवून सोडत आणि तो झोका घेऊन परत येईपर्यंत तसूभरही हलत नसत. मुलं मात्र आपलीच मान मागे घेत.

"सर, एवढे मोठे तुम्ही, आणि अजून दोर नि गोळाच?" एकदा कुणीतरी चिडवलं.

"काय करू रे, मलाच अजून गंमत वाटते! दर वेळी वाटतं, आज नाक जाणार!"

आमच्याकडे टाळ्या वाजवत नाहीत. तास आवडला की बोटांच्या पेरांनी बाक वाजवतात. ती टकटक झाली म्हणजे तास संपला. माझं वॉर्निश त्यानेच उडालं, पण मला त्याचा कोण अभिमान! पुढे सरांना ऐकू येईनासं झालं. मग तास संपवून ते डोळे मिटत, माझ्यावर तळहात ठेवत आणि ती टकटक हाताने ऐकत.

त्यांच्या शेवटच्या तासाला मुलांनी आपसांत ठरवलं, आज वाजवायचं नाही. वाजवलं नाही तर तास संपणारच नाही! वेडी माया, दुसरं काय? सरांनी माझ्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मुलं मुसमुसत होती, पण ते लाकडाला कसं कळणार, आणि लाकडावरून सरांना?

"आज नाही जमलं वाटतं," ते पुटपुटले आणि खाली मान घालून निघून गेले. त्याच हिवाळ्यात सर वारले. माझं मन फार रडलं. मला स्वतःहून वाजता आलं असतं तर!

पुढे नवं व्याख्यानगृह झालं, गादीच्या खुर्च्या आल्या. मी तळघरात धूळ खात पडलो. वर्षानुवर्षं कुणाचा हात लागला नाही. आज सकाळी तळघर रिकामं करताना मला बाहेर फुटपाथवर आणून ठेवलं.

आज संध्याकाळी बसची वाट पाहत दोघं माझ्यावर टेकली. पहिल्या वर्षाची स्वांत्ये आणि तिचा मित्र यानेस. तिच्या फोनवर एका जुन्या रेकॉर्डिंगमध्ये कुणीतरी बोलत होतं. आवाज ऐकला आणि मी थरारलो. माझे सर!

"अगं, पुरे की! वर्गात तेच तर शिकवतात," यानेस म्हणाला.

"वर्गात उत्तर सांगतात रे. या आजोबांना स्वतःलाच प्रश्न पडलेला असतो. मग मलाही राहवत नाही. थांब, शेवटचा तास आहे हा."

तास संपला. फोनमध्ये शांतता पसरली.

"अरे, कुणी वाजवलंच नाही!" स्वांत्ये कळवळली. "इतकं सुंदर शिकवलं त्यांनी!"

आणि तिने पेरांनी माझी फळी वाजवली. जोरजोरात.

"वेडी आहेस का? ते ऐकतायत होय?"

"नसू देत," ती म्हणाली, आणि मग तोही हसत वाजवू लागला.

बस आली, दोघं गेली. फुटपाथवर पुन्हा मी एकटाच.

मित्रांनो, मला वाचवा असं मी म्हणत नाही. एवढंच सांगतो, शिकवणाऱ्याचा हात बाकावर आहे तोवर वाजवून घ्या. सरांचा शेवटचा तास आज संपला, पण हात ठेवायला सर नव्हते.