खणातली बाई

मुद्रितशोधकाने जुनी प्रणाली पुसून संगणकावर लिनक्स बसवलं, त्या दिवसापासून यंत्राने मौनव्रत धरलं होतं. आज पाच वाजता बायकोच्या गायकवृंदाचा कार्यक्रम इंटरनेटवर थेट ऐकवला जाणार होता आणि त्यातल्या चार ओळी ती एकटी गाणार होती, आयुष्यात पहिल्यांदाच. चपला घालताना तिने शांतपणे बजावलं होतं, "त्यात मी ऐकू आले नाही, तर उद्या दुकानदार येऊन तुझं लिनक्स काढेल. फोनवरचं ऐकणं मी धरणार नाही."

छापील अक्षरावर त्याची जी श्रद्धा होती, ती स्वतःच्या कानांवरही नव्हती. पडदा सांगत होता की साउंड कार्ड सापडलंय, आवाज पूर्ण आहे, चाचणी चालू आहे. या चाचणीत एक बाई इंग्रजीत आळीपाळीने ‘डावीकडे’ आणि ‘उजवीकडे’ म्हणते, असं माहितीत लिहिलं होतं. स्पीकर मात्र वारा पडलेल्या तळ्यासारखे निश्चल. त्याने पिना काढून घातल्या, फुंकर मारली, पडद्यावरच्या आवाजाच्या मिक्सरमधली एकेक पट्टी वर ढकलली, आणि जाता जाता माहितीतली शुद्धलेखनाची एक चूकही टिपून ठेवली.

टेबलाच्या कडेला बसलेले सासरे मधेच म्हणाले, खणात कोणी बाई बोलतेय. जावयाने पडद्यावरची नजर न काढता मान डोलावली. सासऱ्यांना हल्ली भिंतीतही पाणी वाहताना ऐकू येई. थोड्या वेळाने त्यांची खुर्ची करकरत डावीकडे सरकली. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे.

पाचला तीन मिनिटं उरली तेव्हा त्याचा धीर सुटला.

"बाबा, जरा एका जागी बसाल का?"

"मी कुठे हलतोय? ती हलवतेय," सासरे दुखावून म्हणाले. "तासभर झाला. इतक्या आर्जवाने सांगते म्हणून सरकतोय, पण तिचं समाधानच होत नाही."

त्याने खण उघडला. कागदांखाली मागच्या महिन्यातल्या मीटिंगचा हेडसेट निपचित पडला होता. वायर मागच्या फटीतून थेट संगणकात. हेडसेटच्या पोटातही एक इवलं साउंड कार्ड होतं, आणि संगणकाने त्यालाच पहिला मान दिला होता.

आता काही बदलायची छाती कुणाला होती? वायर वीतभरच बाहेर येत होती. जावई गुडघ्यांवर, सासरे खुर्चीतून वाकलेले, गालाला गाल लावून. डावा कप जावयाच्या कानावर, उजवा सासऱ्यांच्या.

कार्यक्रम सुरू झाला, लेकीच्या चार ओळी आल्या आणि सासऱ्यांचे डोळे भरून आले. जावई अखेरपर्यंत तिच्या आवाजाची वाट पाहत राहिला.

बायको आली, तशी वडिलांनी शब्दन् शब्द ऐकल्याची ग्वाही दिली. लिनक्स वाचलं.

"आणि तुला कशी वाटले मी?" तिने नवऱ्याला विचारलं.

त्याने हेडसेटची वायर गुंडाळायला घेतली.

"तू उजवीकडे उभी होतीस का?" त्याने विचारलं. "कारण डावीकडचा पियानो अप्रतिम होता."