चिकटलेल्या पात्या

"वहिनी, रद्द केलेला माल खरंच भट्टीत जातो का, ते एकदा डोळ्यांनी बघून या," नणंद म्हणाली होती. ती वहिनीच्याच कारखान्यात, माल रवाना करायच्या खात्यात होती. हिने ते हसण्यावारी नेलं. "ताई, मी डाय डिझाइन करते. मागे मागे फिरायला घरी लेकरू आहेच की, आता भंगाराच्याही मागे फिरू?"

कारखाना हीटसिंकचा. हीटसिंक म्हणजे यंत्राची उष्णता बाहेर टाकणारा, कंगव्यासारख्या पात्यांचा ॲल्युमिनियमचा तुकडा. तापवलेलं ॲल्युमिनियम डायमधून, म्हणजे भोकं पाडलेल्या पोलादी साच्यातून रेटायचं, की तसा आकार बाहेर पडतो. उष्णता निघून जायला दोन पात्यांत फट राहावी म्हणून डायमध्ये पोलादाची पातळ जीभ असते. तिच्या नव्या डायच्या मधल्या जिभा चाचणीतच तुटल्या. मधल्या पात्या चिकटून नुसता गोळा बाहेर आला. माल रद्द झाला, तिच्या जिवाला लागलं आणि विषय संपला. निदान तिला तसं वाटलं.

ती कामावर असताना बाळ तिच्या मावशीकडे असायचं. मावशी एकटी राहायची, बॅटरीवरच्या चाकांच्या खुर्चीत. एका संध्याकाळी ही बाळाला घ्यायला गेली तर खोलीत जळकट वास.

"खुर्चीचा नवीन चार्जर आहे गं. नव्याला वास यायचाच," मावशी म्हणाली. "तुला काय, माझ्या चहाच्या वाफेतही धूर दिसतो."

चार्जर गादीवर होता, बाळाच्या दुपट्याला टेकून. तिने उचलला आणि हात पोळला. प्लग काढून तो पालथा केला. मागे पात्या, आणि मधोमध तोच गोळा. लेकराच्या अंगावरचा तीळ ओळखावा तसा तिने तो ओळखला.

दुसऱ्या दिवशी तिने सुपरवायझरला सहज म्हणून विचारलं.

"भट्टीत गेला, मॅडम." प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर. मग जरा थांबून, "का? कुठे दिसला का?"

वितळलेला माल कुठे दिसेल, हा माणूस विचारतोच कसा? "नाही, असंच," ती म्हणाली आणि तडक वरच्या साहेबांकडे गेली. ते म्हणाले, बघू. खुर्च्यांचा दुकानदार म्हणाला, "असे चार्जर बरेच विकले. कुणाकुणाला, ते कोण लक्षात ठेवतं?"

म्हणून आता भेटेल त्याला ती सांगत सुटते, तसंच तुम्हालाही सांगते आहे. तुमच्या आसपास अशा खुर्चीत बसणारं कुणी एकटं राहत असेल, तर आजच जाऊन या. चार्जर बंद करा, गार झाला की पालथा करून बघा. आणि दार उघडायला वेळ लागला, तर परत फिरू नका.