बांधावरची सलूनची खुर्ची

मित्रांनो, गळ्याशी धारदार वस्तरा असताना ज्या जागी माणसाला निवांत डुलकी लागते, ती जागा म्हणजे मी. सलूनची जुनी खुर्ची. गोल फिरणारी, दट्ट्या दाबला की वर होणारी आणि खटका ओढला की मागे कलणारी. सध्या माझा मुक्काम समुद्राच्या बांधावर आहे. डोक्यावर छप्पर नाही. हवेत गारवा उतरला आहे आणि आभाळातून पक्ष्यांच्या रांगा चालल्या आहेत. सलूनची खुर्ची इथे कशी आली, असं तुम्ही विचाराल. सांगते. मात्र सांगता सांगता मी मध्येच गप्प झाले, तर वर काहीतरी चाललंय असं समजा.

माझा पाय ओतीव लोखंडाचा, हात पांढऱ्या चिनी मातीचे आणि पाठ कातड्याची. मान टेकायला वर एक छोटी उशी. कारखान्यात एका म्हाताऱ्या जोडाऱ्याने माझा शेवटचा स्क्रू पिळला, खात्री करायला स्वतः बसला, मागे रेलला आणि घोरायला लागला. माझी परीक्षा एवढीच झाली. पुढे आयुष्यभर मी तीच परीक्षा देत आले.

मला विकत घेतलं थोरल्या मालकांनी. त्यांचा मुलगा, म्हणजे माझे मालक, तेव्हा त्यांच्या हाताखाली शिकत होते. मला दुकानात मांडल्यावर मालक कौतुकाने बसायला पुढे झाले, तर थोरल्यांनी त्यांचा दंड धरला.

"हं! खुर्चीत बसतं ते गिऱ्हाईक. कारागीर उभा. ज्या दिवशी कारागीर खुर्चीत बसला, त्या दिवशी त्याने हत्यारं खाली ठेवली असं समजायचं."

माझे मालक त्यानंतर माझ्यात कधीच बसले नाहीत. दुपारी गिऱ्हाईक नसलं तरी दारातल्या डुगडुगत्या स्टुलावर बसत. थोरले गेले, मालकांचे केस पांढरे झाले, तरी नियम काळाच राहिला.

दुकान उताराच्या रस्त्याच्या टोकाला होतं. दार समुद्राकडे उघडायचं. माझं तोंड मात्र आतल्या भिंतीवरच्या मोठ्या आरशाकडे. त्यामुळे समुद्र माझ्या पाठीमागे असूनही मी तो रोज समोर पाहिला. आरशात खाली तुरटी, वाट्या आणि ब्रश ठेवायची फळी, तिच्यावर गिऱ्हाइकाचं तोंड आणि त्या तोंडाच्या आजूबाजूला उरेल तेवढा समुद्र.

माणसंही पुष्कळ पाहिली. टक्कल पडलेला माणूस सगळ्यात जास्त सूचना देतो. उसने मागायला निघालेला दाढी गुळगुळीत करून घेतो, देणारा खुंट वाढवून खुशाल फिरतो. लग्न ठरलेला सारखा आरशात बघतो आणि लग्न होऊन जुना झालेला डोळे मिटून घेतो, कारण तेवढाच वेळ त्याला कुणी काही विचारत नाही. माझ्यात बसून खोटं बोललेलं मला लगेच कळायचं. खोटं बोलताना माणूस माझे हात घट्ट धरतो.

मालक सरळ माणूस. फक्त एकच खोड होती. पावसाळा ओसरून वारा फिरला की त्यांचे कान दाराकडे लागत. मग एखाद्या सकाळी लांबून बारीक शीळ यायची, आणि मालक गिऱ्हाइकाला अर्ध्या फेसात सोडून बाहेर पळायचे. भरतीच्या रेषेवर तुरुतुरु धावणारे तुतवार, लाटांवर सूर मारणारे सुरय आणि सगळ्यांच्या शेवटी, फार उंचावरून, रानहंसांच्या लांबलचक रांगा. किनारा धरून सगळे एकाच दिशेने चाललेले.

बंदरावर एक कारकून होते. गाव त्यांना घाईमास्तर म्हणायचं. ते एका गालाला फेस तसाच ठेवून ओरडायचे, "अहो, माझी बोट लागायची वेळ झाली! ही अर्धी दाढी घेऊन जाऊ का मी?"

बाहेरून मालकांचा आवाज यायचा, "दाढी कुठे पळून जातेय? पळून चाललेत ते हे!"

"पक्षी काय, पुढच्या वर्षी परत येतील!"

"दाढी तर परवाच येईल!"

मास्तर गळ्यातला कपडा ओढायला लागायचे. मालकीणबाई आतल्या खोलीतून टॉवेल घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "मास्तर, चिडू नका. लग्नाच्या दिवशी यांनी मलाही असंच मांडवात बसवून ठेवलं होतं. टिटवी ओरडली म्हणून."

मी तेवढ्या वेळात आरशात बघून घ्यायची. डावीकडून रांग आत यायची, उजवीकडच्या लाकडी चौकटीपाशी पोचायची आणि संपायची. मला वाटायचं, आभाळावर कुणीतरी सावकाश एक ओळ लिहितंय. चौकटीपलीकडे काही असेल असं मनातही आलं नाही. आरसा संपला, की माझ्या लेखी पक्षी संपले.

वर्षं गेली. मालकांची लेक हाताशी आली. तिचा हात बापापेक्षा हलका आणि जीभ आईपेक्षा तिखट. हळूहळू गिऱ्हाइकं तिच्यासाठी थांबू लागली. मालकांना ते दिसत होतं, पण रोज सकाळी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर परजून ते माझ्या मागे उभे राहतच. उभे आहेत तोवर कारागीर आहेत.

मग मालकांची मान गेली. जन्मभर दुसऱ्यांच्या डोक्यांवर वाकून काम केलेलं. ती मान एकदा खाली राहिली, ती पुन्हा वर जाईना. डॉक्टरांनी बजावलं, "मान वर करायची नाही. घेरी येऊन पडाल." हातही थरथरू लागला. लेकीने एक दिवस त्यांच्या हातातून वस्तरा काढून घेतला आणि त्यांना टॉवेलांच्या घड्या घालायला दिल्या.

माझंही तेच झालं. दट्ट्यातलं तेल गळू लागलं. एखादं वजनदार गिऱ्हाईक बसलं की मी सावकाश खाली जायची आणि दाढी संपेपर्यंत साहेबांची हनुवटी फळीला टेकायची. लेकीने नवी चकचकीत खुर्ची आणली. मला मागच्या अंगणात नेलं. जिच्यावर गावाने माना टेकवल्या, तिच्यावर आता ओले टॉवेल वाळू लागले. तक्रार करत नाही. फक्त सांगून ठेवते.

त्या वर्षी वारा फिरला. सगळ्यात आधी ते मला कळलं, कारण अंगणातून मला पहिल्यांदाच आरशाशिवाय आभाळाचा एक तुकडा दिसत होता. मालक दारातून बाहेर आले. वरून पक्ष्यांची शीळ घुमत होती. ते खाली मान घालून अंगणातल्या वाळूकडे बघत उभे राहिले. वाळूवरून सावल्या सरकत होत्या. लहान, भराभर जाणाऱ्या. त्यांच्यामागून मोठ्या, संथ. मालक त्या सावल्यांबरोबर चार पावलं चालायचे, मग थांबायचे.

"या वर्षी फारसे आले नाहीत," ते आत येऊन म्हणाले.

"आले नाहीत?" मालकीणबाई म्हणाल्या. "आभाळ भरून चाललंय! तुम्ही आपले जमिनीवर शोधताय, नाणं पडल्यासारखं!"

बाईंनी वाळूवर चटई घालून पाहिली. सपाट पडल्याबरोबर मालकांना घेरी आली. घरातल्या साध्या खुर्चीत ताठ बसवलं तर मान पुन्हा खाली. मालक वैतागून म्हणाले, "जाऊ दे. पाहिले पुष्कळ." पण तुतवार जाऊन आता सुरय चालले होते, आणि रानहंस जायचे तेवढे राहिले होते. ते एकदा गेले की किनारा रिकामा. मालक जेवताना घास हातात धरून कान देऊन बसत, हे बाई बघत होत्या.

अशातच एका सकाळी भंगारवाला हातगाडी घेऊन मागच्या दाराशी आला. लेकीने त्याला माझ्यासाठीच बोलावलं होतं. त्याने मला आडवं करायला पाठीला हात घातला आणि चुकून त्याचा हात खटक्यावर पडला. माझी पाठ सुर्रकन मागे गेली. नेहमीसारखी. ना ताठ, ना सपाट.

मालकीणबाई टॉवेल पिळत होत्या. त्या तशाच उभ्या राहिल्या.

"थांबा!" त्या ओरडल्या. "अहो, इकडे या! डॉक्टर म्हणाले मान वर करायची नाही. पाठ मागे टाकायची नाही असं कुठे म्हणाले?"

मालक आले. माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

"त्यात मी बसणार नाही."

"का? काटे आहेत?"

"का ते तुला माहीत आहे."

"चाळीस वर्षं लोकांच्या माना मागे टाकल्यात, एकदा स्वतःची टाकली तर काय आभाळ कोसळेल?"

मालकांनी हातातला टॉवेल घडी करून ठेवला. मग म्हणाले, "मी बसलो की संपलं गं. मग मी फक्त टॉवेलांच्या घड्या घालणारा म्हातारा."

लेक दारात उभी होती. हातात वाटी आणि ब्रश, ब्रशावर फेस. तिने हे ऐकलं. ती अंगणात उतरली. भंगारवाल्याला म्हणाली, "दादा, गाडी समुद्राकडे घ्या. बांधावर."

"ताई, मी न्यायला आलोय की पोचवायला?"

"आज पोचवायला. चला, धक्का मारते."

मित्रांनो, अशी मी बांधावर आले. मला समुद्राकडे तोंड करून ठेवलं. मी पहिल्यांदा सरळ समोर पाहिलं आणि चक्रावलेच. सगळं उलटं होतं. पक्षी उजवीकडून डावीकडे चालले होते! इतकी वर्षं जी ओळ लिहिली जाताना पाहिली, ती बाहेर आल्यावर पुसली जाताना दिसली. आणि आणखी एक. चौकट कुठेच नव्हती. ती ठिपक्याठिपक्यांची रांग खडकापुढे गेली, दीपस्तंभापुढे गेली, बारीक झाली, धूसर झाली आणि तरी चाललीच होती. संपत होता तो माझा आरसा. पक्षी नव्हेत.

मालक आमच्या मागोमाग आले होते. ते सवयीने माझ्या पाठीमागे उभे राहिले. हात उशीवर. उत्तरेकडून, फार लांबून, घोगरा गलका ऐकू येऊ लागला होता. रानहंस.

"बाबा, बसा ना," असं लेक म्हणाली असती, तर सांगते, ते बसले नसते. पण पोरगी गिऱ्हाइकं सांभाळून तयार झालेली. तिने खांद्यावरचा पांढरा कपडा काढला आणि हवेत झटकला. फट्! जन्मभर मालक गिऱ्हाइकाला याच आवाजाने बोलवत आले. मग ती किंचित वाकली आणि दुकानातल्या आवाजात म्हणाली, "या साहेब. तुमचाच नंबर. काय करायचं?"

मालकांनी खालच्या मानेनेच तिच्याकडे डोळे वर करून पाहिलं. तिच्या हातातल्या ब्रशाकडे पाहिलं. कारागीर उभा होता. जागेवर होता. गलका जवळ येत होता.

"दाढी," ते म्हणाले. "बेताची करा. मागच्या वेळी एकाने फार खरवडली होती."

"कोण तो मेला?" लेक म्हणाली.

"होता एक. थरथऱ्या हाताचा."

आणि ते माझ्यात बसले. मित्रांनो, एवढं हलकं गिऱ्हाईक मी कधी पेललं नव्हतं. लेकीने खटका ओढला. मी माझं सगळं जुनं लोखंड गोळा करून, कुरकुर न करता, सावकाश मागे गेले. त्यांची मान माझ्या उशीवर टेकली. त्यांच्यासमोर, वाळूच्या जागी, आभाळ आलं.

लेक एका गालाला फेस लावत होती तेवढ्यात ते आमच्या माथ्यावर आले. एकामागे एक लांब कोन, एकमेकांत मिसळणारे, पुन्हा सुटणारे. हाकांनी हवा भरली. पंखांखालचा उजेड दिसत होता. मालकांचे हात माझ्या हातांवर सैल पडलेले होते, उघडे.

ब्रश थांबला. लेक वर बघत राहिली. तिला अशी बघत राहिलेली मी आधी कधी पाहिली नव्हती. तिच्या मनगटावरून फेस ओघळत होता.

इतक्यात उतारावरून घाईमास्तर आले. नोकरी संपून त्यांना वर्षं झाली होती, पण घाई संपली नव्हती. गळ्यात कपडा, एका गालावर वाळलेला फेस. त्यांना लेक नव्या खुर्चीत तसंच टाकून आली होती!

"अगं ए! बापावर गेलीस हो अगदी! मला किती वेळ..." आणि त्यांनी वर पाहिलं. वाक्य तिथेच राहिलं.

लेक भानावर आली. घाईघाईने ब्रश वाटीत बुडवत म्हणाली, "चला साहेब, आटपते पटकन."

मालकांनी तिचं मनगट धरलं. नजर वरच होती.

"बघ गं आधी," ते म्हणाले. "दाढी कुठे पळून जातेय?"

मालकीणबाई पदराने डोळे पुसत होत्या आणि वाऱ्याला शिव्या देत होत्या. डोळ्यांत वाळू गेली म्हणे. बांधावर आम्ही होतो, वाळू फार खाली होती. पण मी कुणाचं खोटं उघडं करत नाही.

भंगारवाला रिकामी गाडी घेऊन परत गेला. मी इथेच राहिले. पावसाळ्यात माझ्यावर ताडपत्री असते. वारा फिरला की ती निघते आणि मालक येतात. लेक वाटी आणि ब्रश घेऊन येते. दाढी पूर्ण व्हायला हल्ली सकाळ जाते.

मित्रांनो, खारी हवा लोखंडाला धार्जिणी नसते. माझ्या खटक्याला अधूनमधून दोन थेंब तेल घाला, एवढं मागणं आहे. आणि तुमच्या घरात, रस्त्यावर, दुकानात कुणी तरी असेल, ज्याची मान तुमच्यासाठी वाकता वाकता खालीच राहिली आहे. त्याला नुसतं "बसा" म्हणू नका, तो बसणार नाही. आधी त्याचं हत्यार नीट हातात घ्या, कपडा झटका, आणि म्हणा, "या, तुमचाच नंबर."

आता थांबते. उत्तरेकडून काहीतरी ऐकू येतंय.