डिपर दिला होता

मष्णूनं पेंडीचं पोतं खांद्यावरून उतरवलं, गोठ्याच्या कडेला सरकवलं आणि मेढीला धरून कंबर सरळ केली. ती लगेच सरळ झाली नाही.

"जयाक्का, पेंड टाकलीया. म्हशीला सांजंला घाल," तो ओसरीकडं तोंड करून म्हणाला.

"बस की जरा. चा ठेवते," आतून जयाक्काचा, रवळू आप्पाच्या बायकोचा, आवाज आला.

"चा नगं. रातपाळीला जायाचंय."

ओसरीवर बाजेवर रवळू आप्पा पडला होता. उजवा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये, पायाखाली दोन उशा. रोज दोन वेळा बेळगावला दूध घालणारा माणूस, आता कूस बदलायलाही बायकोला हाक मारत होता.

"तू कशाला वझी व्हातोस रं? रातभर कारखान्यात भट्टीपुढं हुबा, दिवसा शेत, आनि हितं हमाली."

"मग कोण व्हाणार? ज्यानं पाडलं तो?"

आप्पानं आढ्याकडं बघितलं. हा विषय निघाला की तो आढ्याकडंच बघायचा. मष्णूला वाटायचं, दुखतंय म्हणून.

बेळगुंदीहून बेळगावला जाणाऱ्या त्या रस्त्याला दिवे नाहीत. पाट्या तेवढ्या आहेत. कुठल्या लिपीत असाव्यात यावरून निवडणूक आली की भांडणं होतात, डांबर फासलं जातं, पुन्हा रंग मारला जातो. खांब रोवायला मात्र कुणाला सवड झाली नाही. मग माणसं आपापला उजेड घेऊन निघतात, आणि डिपरनं बोलतात. हात हँडलवर गुंतलेले, तोंडाला मफलर. समोरून ओळखीची गाडी आली की लाइट खाली घ्यायचा, दोनदा हॉर्न वाजवायचा. राम राम झाला. मष्णू या बाबतीत गावात नावाजलेला. अनोळखी ट्रॅक्टरलासुद्धा डिपर देणारा माणूस. त्यावरून पोरं त्याची टिंगल करायची, "काका म्हशीला पण डिपर देत्यात."

त्याच्या गाडीचा जुना बल्ब मळकट पिवळा झाला होता. खड्डा चाकाखाली आल्यावर दिसायचा. बेळगावात बँकेत असलेल्या त्याच्या लेकीनं, नीलमनं, दिवाळीआधी एलईडी बल्ब मागवून दिला. मेकॅनिककडं जाऊन बसायला वेळ असतो तो सुट्टी असलेल्याला. मष्णूनं अंगणातच हेडलाइट खोलला. नव्या बल्बची खाच जुन्या जागेत बसेना. त्यानं कानशीनं थोडं घासलं, उलटसुलट करून बघितलं, एका बाजूनं खटकन बसला. पेटला. झालं.

त्या संध्याकाळी रस्ता दुधासारखा पांढरा झाला. पार लांबच्या बांधावरची झाडं दिसली. तेही लाइट खाली घेतलेला असताना! मष्णूनं त्यानंतर बटण वर केलंच नाही. खालीच एवढा उजेड पडतोय, तर उगीच लोकांच्या डोळ्यांत कशाला मारायचा?

आणि तरी लोक त्याच्यावर लाइट मारायला लागले. रोज. समोरचा प्रत्येक जण वर-खाली, वर-खाली. कुणी शिवी हासडून जायचा. अर्धी झोप डोळ्यांत घेऊन निघालेल्या मष्णूचं डोकं फिरायचं.

"खालीच हाय की रं!" तो हेल्मेटच्या आत ओरडायचा. "आनि किती खाली करू? जमिनीत पुरू काय?"

जग बिघडलंय, असा त्यानं निकाल लावला होता. तो लावायला फार लांब जावं लागत नाही.

मग काजूच्या बागेजवळच्या वळणावरची ती सांज. समोरून कॅनांचा खडखडाट आला. आप्पाच. मष्णूचा लाइट खालीच होता. मष्णूनं दोनदा हॉर्न वाजवला आणि पुढं गेला. आरशात मागून एक पांढरा लाइट येताना दिसला. गावातल्या मारुतीरावांचा पोरगा साईराज, त्याची ती निळी गाडी, पुढच्या चौकात त्याला ओलांडून जाईल असं मष्णूला वाटलं. ती गाडी पुढं आलीच नाही.

सकाळी पाळी संपवून आला तेव्हा कळलं. रवळू आप्पा चरीत पडला, पाय मोडला, समोरच्या लाइटनं डोळं दिपलं. साईराजनं त्याला टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं.

दवाखान्यातनं तो परतला तेव्हा गावच्या कमानीपाशी माणसं जमली होती. मष्णूनं जे बघितलं ते सांगितलं.

"मला भेटला तवा आप्पा गाडीवर ताठ हुता. मी डिपर दिला, पुढं गेलो. माझ्या मागनं ह्योच. पांढरा लाइट लावून."

"काका, मी आलो तवा आप्पा चरीतच हुते," साईराज म्हणाला.

"तर मग थांबलास कशाला?"

हा प्रश्न कमानीखाली कुणालाही वाकडा वाटला नाही. पडलेल्याजवळ जो थांबतो तो पाडणाराच, असा आपल्याकडचा न्याय. निर्दोष माणूस कशाला थांबेल? त्याला काय वेड लागलंय?

मष्णूनं दगड उचलला आणि त्या निळ्या गाडीचा लाइट फोडला. काच आत कोसळली. साईराज नुसता गाडीकडं बघत राहिला. मारुतीरावांनी दुसऱ्या दिवशी गाडी गोठ्यात घालून वर ताडपत्री टाकली. पोरगं आता बेळगावच्या मोबाइलच्या दुकानात बसनं जात होतं, आणि येताना कमानीच्या एक थांबा अलीकडंच उतरून शेतातून घरी येत होतं.

आप्पाला विचारलं, तर त्याचं एकच. "मला काय दिसलं न्हाय."

"निघतो आप्पा," मष्णू मेढीवरचा हात काढून म्हणाला.

एरवी तो गाडी रस्त्यालाच लावून यायचा. आज पोतं होतं म्हणून थेट अंगणात आणली होती, घराकडं तोंड करून. आला तेव्हा उजेड होता. आता परसातल्या केळी काळ्या झाल्या होत्या. त्यानं हेल्मेट चढवलं, बटण दाबलं. हल्लीच्या गाड्यांचा लाइट बंद करता येत नाही, इंजिन सुरू झालं की तोही सुरू.

पायरीवर उजेड पडला नाही. जोत्यावरही नाही. तो थेट वर गेला. ओसरीच्या भिंतीवर, खुंटीवरच्या टॉवेलवर, वाशांवर. आणि मधे, बाजेवर, आप्पाच्या तोंडावर.

आप्पानं डोळे गच्च मिटले. दोन्ही हात तोंडापुढं आले, तळवे बाहेर, कुणी मारायला आल्यासारखे. प्लास्टरचा पाय उशीवरून घसरला.

मष्णूनं डाव्या अंगठ्यानं बटण खाली ढकललं. ते खालीच होतं. त्यानं पुन्हा ढकललं. मीटरवर वरच्या लाइटची निळी खूण नव्हती. लाइट खाली होता, आणि उजेड वर.

त्यानं इंजिन बंद केलं.

अंगण पहिल्यापेक्षा काळं झालं. आत जयाक्काच्या चुलीचा जाळ तेवढा हलत होता. मष्णू गाडीवर तसाच बसून राहिला. मग उतरला, आप्पाचा पाय उचलून उशीवर नीट ठेवला. हेल्मेट काढायचं त्याला सुचलं नव्हतं.

"आप्पा."

"जा रं. पाळी चुकंल."

"तुला ठावं हुतं?"

आप्पा आढ्याकडं बघत होता. तिथं आता दिसण्यासारखं काही नव्हतं.

"तू डिपर दिला हुतास," तो म्हणाला. "मला दिसलं न्हाय, पर तू देतोसच. हॉर्न ऐकू आला की. दोनदा."

"मग बोलला का न्हाईस?"

"काय बोलू? पाय जुळला असता?" आप्पानं श्वास सोडला. "तू सकाळी दवाखान्यात आलास तवा माझ्या उशाला बसून रडत हुतास. आनि मला भूल उतरून बोलाय येईपतूर कमानीपाशी सगळं हून गेलतं. लाइट फोडून आलतास तू. मग आता कुणाचं नाव घिऊ? भावकीतला एक तू येतोस."

"आनि ते पोरगं?"

"पोरगं हाय. इसरंल."

जयाक्का चहाचे कप घेऊन दारात आली होती. कुणी हात पुढं केला नाही, तशी ती कप घेऊन उंबऱ्यावरच बसली.

मष्णू अंगणात आला. गाडी सुरू न करता त्यानं ती वळवली आणि ढकलत रस्त्याला आणली. कमानीपासून उजवीकडं बेळगाव. तिकडं भट्टी तापली असेल, त्याची जागा रिकामी बघून मुकादम आईबहीण काढत असेल. दोन गाड्या समोरून येऊन गेल्या, दोघांनीही त्याच्या अंगावर लाइट मारला. तो बाजूला झाला आणि डावीकडं वळला.

मारुतीरावांच्या दारात पोचेपर्यंत त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. साईराज नुकताच आला असावा. बांधावरचा चिखल पायांना तसाच. नळाखाली पाय धूत होता. मष्णूला बघून त्यानं नळ बंद केला आणि त्याच्या हातांकडं बघितलं. दगड आहे का, ते.

"स्क्रूड्रायव्हर हाय काय रं?" मष्णू म्हणाला.

"कशाला?"

"बल्ब उलटा बसलाय माझा."

साईराज ओल्या पायांनी गाडीपुढं आला. हेडलाइटच्या काचेत वाकून बघितलं, मोबाइलचा उजेड टाकून पुन्हा बघितलं. मग सरळ उभा राहिला आणि मष्णूच्या तोंडाकडं बघितलं.

गोठ्यात ताडपत्री वाऱ्यानं फडफडत होती. घरातून मारुतीरावांनी विचारलं, "कोण हाय रं?"



"कवापासनं?" साईराजनं मष्णूला विचारलं.

मष्णूनं हेल्मेट काढलं, टाकीवर ठेवलं.

"पयल्यापासनं," तो म्हणाला. "तुझ्या आबालाबी भाईर बोलीव."