पांढरे चौकोन

"ही माझी चित्रं कापतेय," आर्टिस्टकाका मालकांच्या टेबलासमोर उभे राहून म्हणाले. "बिस्किटांचं लेबल बघा. माझ्याकडून गेलं तेव्हा चित्राचे भरपूर सुटे तुकडे होते फाईलमध्ये, हिच्याकडे जाऊन निम्मे गायब!"

लेबलं छापणाऱ्या त्या प्रेसमध्ये काकांचा सगळा जन्म गेला होता. डब्यांवरची, बाटल्यांवरची, खोक्यांवरची चित्रं त्यांच्याच हातची, आणि सगळी एकाच जुन्या प्रोग्रॅममधली. आता मालकांनी नवा प्रोग्रॅम घेतला होता आणि जुन्या फायली त्यात आणायला एक मुलगी ठेवली होती. चित्रं नीट आली, तर काकांनाही नव्यावर बसवायचं. नाही आली, तर सगळी बाहेरून नव्याने काढून घ्यायची, म्हणजे काका घरी.

तेव्हापासून काकांच्या डोक्यात किडा वळवळत होता. आपण जवळ गेलो की ही पोरगी स्क्रीनवरचं काम झाकते. वर "जेवलात का काका?" असं विचारते. एवढं गोड बोलायचं कारण काय? घरी बायको म्हणाली होती, "तुम्हाला देवाने डोळे दिलेत ते नुसते संशय घ्यायला." काकांना मग बायकोचाही थोडा संशय आला होता.

"सर, ते तुकडे मीच काढले," मुलगी म्हणाली. "नको होते ते."

"नको होते? हे ठरवणारी तू कोण?"

मालकांनी चष्मा काढून ठेवला. "काका, तुम्ही स्वतः एक फाईल तिच्या मशीनवर आणा. माझ्यासमोर."

मुलगी पटकन पुढे झाली. "राहू द्या ना काका. मी नंतर दाखवते तुम्हाला."

"बघा, कशी तंतरली!" काका तिच्या खुर्चीत बसले, साबणाच्या लेबलची फाईल शोधली आणि इंपोर्टचं बटण दाबलं.

लेबल आलं. फूल आलं, नाव आलं. पण फुलामागून आणखी एक वाकडं फूल डोकावत होतं, नावाखाली तेच नाव चुकीच्या अक्षरांत होतं, आणि अर्धवट सोडलेल्या पानांचा नुसता गिचमिडकाला झाला होता.

काकांनी सगळं ओळखलं. पूर्वी काही पुसायला गेलं की मशीन अडकायचं. मालक डोक्यावर उभे असायचे. मग काका चुकीवर पांढरा चौकोन टाकायचे आणि वर नव्याने काढायचे. कागद पांढरा, चौकोन पांढरा, छापल्यावर कुणाला कळतंय? पुढे मशीन सुधारलं, सवय सुधारली नाही. नव्या प्रोग्रॅमने ते पांढरे चौकोन रिकामे धरले होते, म्हणून खाली झाकलेलं सगळं दिसत होतं. आणि ही मुलगी मुकाट्याने एकेक चूक वेचून काढत बसली होती, मालकांच्या नजरेला पडू न देता. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"इंपोर्टची सेटिंग चुकली असेल माझी, सर," मुलगी म्हणाली.

मालक तिच्याकडे रागाने वळले. काका आता नुसते गप्प बसले असते, तरी सुटले असते.

"सेटिंग बरोबर आहे तिची, साहेब," ते म्हणाले. "हा घोळ माझा आहे."

"किती फायलींत?"

मुलीने काकांकडे बघत हळूच मान हलवली, सांगू नका म्हणून.

"सगळ्या," काका म्हणाले, आणि तिची खुर्ची रिकामी करून बाजूला उभे राहिले.