फ्लेक्सवरची करिष्मा

करिष्माला चौदाव्या वर्षी न्हाण आलं आणि तिच्या मामाच्या अंगात हौस संचारली. सिरोंच्याकडच्या त्या गावात नदीपलीकडून, तेलंगणातून, साडीच्या कार्यक्रमाची रीत आली आहे. मुलगी पाटावर बसते, मामा तिला पहिली साडी देतो आणि सगळं गाव जेवून जातं. करिष्मानं तेवढं दात आवळून सोसलं. पण पवनमामानं दुसऱ्या दिवशी सकाळी बसथांब्यावर फ्लेक्स लावला.

करिष्मा दप्तर घेऊन आली तेव्हा शाळेच्या बसची वाट बघत पोरं त्याच्याखालीच उभी होती. वर पुढाऱ्यांचे हात जोडलेले फोटो, खाली ‘कु. करिष्मा हिला साडी समारंभानिमित्त हार्दिक शुभेच्छा’, आणि मध्ये एक बाई. हो, बाईच म्हणायची. गोरीपान, गोल दंडांची, भरल्या अंगाची, गुलाबी साडीतली. तिच्या मानेवर करिष्माचं डोकं बसवलेलं. स्टुडिओवाल्याच्या कॉम्प्युटरात हे अंग तयारच असतं. गावातल्या तीन पोरींची डोकी याआधी त्यावर चढून उतरली होती.

“काऊन वं, हे तूच हायेस का?” वर्गातल्या चैतूनं विचारलं आणि पोरं खिदळली. दोघांनी मोबाइल काढले.

वर्षभर करिष्मा कपाटाच्या आरशाशी भांडत होती. कपाळावर पुटकुळ्या, काखेत केस, घामाला नवाच वास, आणि पाय तर वाढायचं थांबेनात. रडून झालं, पावडर थापून झाली. मग याच लांब पायांनी कबड्डीत समोरची पोरगी धरायला सुरुवात केली, तेव्हा कुठं तिचं आणि या अंगाचं जमलं. हे माझं आहे, असंच आहे आणि बरं आहे, एवढं तिला कोणी न सांगता कळलं होतं. आता मामानं भर चौकात ते खोटं पाडलं होतं.

ती तरातरा घरी आली. मामा ओट्यावर चहा पीत होता.

“मामा, थो फ्लेक्स काढ. आत्ताच्या आत्ता.”

“काऊन? मस्त तं दिसून राह्यली,” मामा हसला. “आठ दिवस राहू दे. लोकं पाहतीन.”

“थे मी नाई!”

तिची आई शकुबाई भांडी घासता घासता म्हणाली, “चिडतेस काऊन, बाई? जराशी भरलीस का तशीच दिसशीन.”

मामाचं एक वेळ सोडून देता आलं असतं. आई समजूत म्हणून जे बोलली, त्यानं तिची तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे घरच्यांनाही तीच बाई हवी होती, आणि करिष्मा नुसती तिची कच्ची नक्कल होती! तिनं कुडात खोचलेला विळा उपसला आणि आली तशी माघारी वळली. मागून मामा धावला, हात न पुसताच आई धावली.

फ्लेक्सखालच्या पारावर ती चढली. आपलं डोकं तेवढं कापून घ्यायचं, बाकीची बाई राहू दे लटकत, असा तिचा बेत होता. पण जवळून बघितलं तर हनुवटीवरचा तीळ नव्हता. कपाळावरची एकही पुटकुळी नव्हती. रंग तिचा नव्हता, नाकसुद्धा चेपून बारीक केलं होतं. कापून घ्यावं असं त्यात काही उरलंच नव्हतं. तिनं चारी दोऱ्या कापल्या. फ्लेक्स धाडकन खाली आला.

“पाडलंस ना! स्वताचाच फोटो पाडलास!” मामा ओरडला.

“माहा?” करिष्मा पारावरून उतरली. तिचा आवाज चिरकला, पण थांबला नाही. “दाखव, मामा. यात माहं काय हाये थे दाखव. आई, तू दाखव. तूच जनलंस ना मले?”

शकुबाई वाकली. तिनं फ्लेक्सवरच्या हनुवटीवर ओला अंगठा फिरवला, मग लेकीच्या हनुवटीवरच्या तिळाकडे बघितलं. पोरांनी मोबाइल खाली घेतले. मामानं वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि शेवटी बोट टेकवलं.

“नाव तं तुहंच हाये ना?”

करिष्मानं बोट बाजूला केलं, नावाची पट्टी विळ्यानं कापली, घडी करून दप्तरात टाकली आणि विळा आईच्या हातात दिला. तोवर बस आली होती.