तीन दगडांची चूल

माझ्या सासूबाई बसव्वा एकदा नाही म्हणाल्या की त्यांना हो म्हणायला लावणारा माणूस अख्ख्या मैंदर्गीत नव्हता. माझा नवरा तर त्यांच्यापुढे तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचा. त्यामुळे नर्सबाई घरी येऊन जे सांगून गेल्या, त्यावरून भांडायला मी एकटीच उरले.

माझी पाच वर्षांची जगदेवी दिवस मावळला की चाचपडायला लागायची. उंबऱ्याला अडखळायची, समोरचं ताट हातानं शोधायची. नर्सबाईंनी तिचे डोळे तपासले.

"रातांधळं आहे. आत्ताच सावरा, नाहीतर दिवसासुद्धा दिसायचं बंद होईल. रोज पालेभाजी द्या. तांदुळसा, पाथरी, चिघळ, तुमच्या रानात काय कमी आहे? आणि दाक्षायणी, तेलाचा हात आखडू नको."

सासूबाई दाराआड उभ्या होत्या. बाई गेल्यावर म्हणाल्या, "माज्या चुलीवर तो पाला शिजायचा न्हाय."

कारण मला ठाऊक होतं. बहात्तरच्या दुष्काळात घरात दाणा नव्हता. सरकारी कामावर खडी फोडून आल्यावर सासूबाई कुठून कुठून पाला वेचून आणायच्या, नुसता उकडून माझ्या धाकट्या दिराला, शरणूला भरवायच्या. तो भाकरी मागायचा. हगवण लागून तो गेला, तो त्या पाल्यानंच, असं त्यांनी मनात घट्ट धरलं होतं. हगवण त्या वर्षीच्या गढूळ पाण्यानं लागायची, हे त्यांना सांगणार कोण? मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा. गेलेल्या लेकरापायी असलेल्या लेकराचे डोळे घालवायचे?

चुलीवर नाही म्हणाल्या होत्या. शेताबद्दल काही बोलल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी खुरपणीला जाताना मी एक लहान मडकं नेलं, आणि कणगीमागे लपवून ठेवलेली तेलाची बाटली. बांधावर तीन दगड मांडले. खुरपताना निघालेला तांदुळसा आम्ही बायका एरवी गवताबरोबर म्हशीला घालायचो. तो निवडला, लसूण ठेचून फोडणी दिली आणि बरोबर आणलेल्या जगदेवीला भाकरीशी भरवला. शेजारची सोजरबाई आमच्यातच खुरपत होती. तिनं नाक मुरडलं.

"अगं, दुष्काळ सरला की. आता बी ह्येच खायचं व्हय?"

"तू नको खाऊस," मी म्हणाले. "तुजी म्हस बघ आन् तुजं पोरगं बघ. कोण तुकतुकीत दिसतंय?"

चिडली. पण दुपारी तिनं भाकरीचा तुकडा माझ्या मडक्यात बुडवलाच. आठवड्यात ती पोराला घेऊन यायला लागली, मग बाकीच्याही आल्या. कुणी कांदा आणायची, कुणी मूठभर डाळ. मडकं पुरेना तेव्हा सोजरबाईनं आपलं पातेलं आणलं. नर्सबाई एकदा येऊन आमच्यात जेवल्या आणि आसपासच्या वस्त्यांवरच्या बायकांना आमची चूल बघायला पाठवू लागल्या. बियांसाठी म्हणून बांधावरचा तांदुळसा आता राखला जायचा.

तेल मात्र मी थेंबाथेंबानं वापरत होते आणि घरी आल्यावर बाटली रोज परत कणगीमागे लपवत होते. बाटली काही सरत नव्हती, आणि मी किती काटकसरी म्हणून माझी मीच पाठ थोपटून घेत होते.

वेळ अमावस्येला, रानात जाऊन उभ्या पिकाची पूजा करायच्या सणाला, सगळं घर शेतात गेलं. कडबा उभा करून केलेल्या कोपीत पाच दगडांचे पांडव मांडून पुजले. बाहेर भज्जी शिजत होती. रानात जे जे पिकतं ते त्या दिवशी एकाच पातेल्यात पडतं. मी सगळ्यांदेखत त्यात पाथरी टाकली.

सासूबाई ताडकन उठल्या. "आज बी?" एवढंच म्हणाल्या आणि कोपीमागे जाऊन बसल्या. जेवल्या नाहीत.

दिवस मावळला. पोरं कडब्याचे पलिते पेटवून पिकाभोवती धावायला निघाली. गेल्या वर्षी जगदेवीला मी धरून बसवलं होतं आणि ती रडून रडून झोपली होती. या वर्षी तिनं माझ्या हाताला हिसका दिला. मला भीती वाटली. तरी सोडला हात.

ती पलित्यांकडे गेलीच नाही. वाटेतल्या कडब्याच्या पेंढ्या चुकवत सरळ कोपीमागच्या अंधारात गेली. मी तिच्यामागे धावले.

"अज्जी, रडतीस का?"

सासूबाईंनी पदर तोंडावर ओढला. "कोण म्हणतं?"

"गालावर पाणी हाय की. कपाळाची इबूत बी पुसलीय तुजी."

सासूबाईंनी तिला ओढून कुशीत घेतलं आणि मोठ्यानं रडल्या. मीही रडले. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "भज्जी उरलीय का?"

मी ताट वाढून आणलं. पहिला घास त्यांनी शरणूच्या नावानं बाजूला ठेवला. दुसरा खाल्ला.

"उद्यापास्नं घरच्या चुलीवर कर," त्या म्हणाल्या. "रोज कणगीमागं वाकून तुजी बाटली भरायची म्हंजी माजी कंबर ऱ्हात न्हाय आता."